सेवा करायला ते येतात, शिकायला आपण कधी जाणार?

गेल्या काही वर्षांत उन्हाळी सुट्टीचा एक नवा बाजार उभा राहिला आहे. पूर्वी सुट्टी म्हणजे आजोळ, आंबे आणि फार तर एखादे शिबिर. आता शहरातील सधन घरांची मुले सुट्टीत परदेशात ‘सेवा’ करायला जातात. दोन आठवडे बालीत इंग्रजी शिकवायचे किंवा आफ्रिकेतील एखाद्या गावात शाळेची भिंत रंगवायची, जाता जाता जंगल सफारी उरकायची आणि प्रमाणपत्र घेऊन परत यायचे. सेवेबरोबर तिथली संस्कृतीही अनुभवायला मिळते, असे जाहिरातीत लिहिलेले असते. खर्च लाखांच्या घरात जातो. तो भरणाऱ्या पालकाला हिशेब पक्का ठाऊक असतो, कारण उद्या अमेरिकेतील किंवा इंग्लंडमधील विद्यापीठात अर्ज करताना समाजकार्याच्या रकान्यात काहीतरी भरावे लागते.

या मुलांविषयी मनात असूया बाळगण्याचे कारण नाही. सोळा-सतरा वर्षांचे पोर घराबाहेर पडते, दुसऱ्याच्या ताटात जेवते, दुसऱ्याची भाषा कानावर पडू देते, हे चांगलेच आहे. प्रश्न वेगळा आहे. या साऱ्या व्यवहारात सेवा करणारा कोण आणि जिची सेवा होते ती वस्ती कोणाची, हे आधीच ठरून गेलेले असते. आणि दर वेळी ती वस्ती आपली असते.

जशी आपली श्रीमंत मुले बाहेर जातात तशी बाहेरची मुले इकडेही येतात. अमेरिकेतील आणि युरोपातील विद्यार्थ्यांचे गट, त्यांच्याबरोबर तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांची मुलेही येतात. त्यांची सुट्टी जून ते ऑगस्ट. विदर्भात उन्हाच्या तडाख्यामुळे शाळाच मुळी जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे वर्गात पुस्तके वाटली जात असतात, पहिलीचे पोर अजून दाराशी रडत असते, आणि त्याच वेळी पाहुणे येऊन दाखल होतात. मग दोन आठवडे गाणी, खेळ, चित्रे. गुरुजी कोपऱ्यात उभे. पाहुणे गेल्यावर अभ्यासक्रम तिथेच, जिथे होता. ही सेवा शाळेच्या सोयीने कधी होत नाही, पाहुण्यांच्या सुट्टीच्या सोयीने होते, एवढी एक गोष्ट लक्षात घेतली तरी बराच उलगडा होतो.

काही वर्षांपूर्वी उत्तर नागपुरातील एका वस्तीत असाच एक गट येऊन गेला. कोणत्या संस्थेने आणला होता हे सांगण्यात हशील नाही. चार दिवसांनी वस्तीतील एक बाई माझ्याकडे दुसऱ्याच कामासाठी आली होती. जाता जाता म्हणाली, “वकीलसाहेब, ते पोट्टे आमचे फोटो काढून घेऊन गेले. घराचे काढले, भांड्याचे काढले, माह्या नातवाचे त उघडे काढले. आता ते अमेरिकेत कोणाले दाखवतीन?” मी विचारले, तुम्हाला विचारलं नव्हतं का? “विचारलं न जी. इंग्रजीत विचारलं.” तिच्या या उत्तरावर तिथे बसलेले सगळे हसले. ती मात्र हसली नाही.

तिचा प्रश्न कायद्याचा होता आणि मी त्याकडे कायद्याच्या नजरेनेच पाहतो. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. भंग केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. निराधार मुलांच्या वसतिगृहात, बालगृहात जाऊन मांडीवर पोर घेऊन फोटो काढणारा आणि रात्री तो जगाला दाखवणारा पाहुणा या कलमाच्या फार जवळून चालत असतो. त्याला ते माहीत नसते, आणि त्याला घेऊन येणारा ते सांगत नाही. त्या बाईचा नातू आपल्या आजीच्या घरात होता, म्हणून त्याला हे कलम सरळ लागू होत नाही. पण घरातल्या मुलाची अब्रू बालगृहातल्या मुलाहून कमी कशी? परवानगी घ्यायची तर समोरच्याला कळेल अशा भाषेत घ्यावी, एवढे तर कुठल्याही कायद्यावाचून कळायला हवे.

या सेवा-सहलींवर सर्वांत कडक शब्दांत बोलणारा माणूस कुणी डावा क्रांतिकारक नव्हता, तो कॅथलिक धर्मगुरू होता. इव्हान इलिच त्याचे नाव. 1968 च्या एप्रिल महिन्यात मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे अमेरिकेहून खेड्यांत उन्हाळी सेवेसाठी निघालेल्या विद्यार्थ्यांसमोर त्याला भाषणाला बोलावले होते. त्याने त्यांना तोंडावर सांगितले की पाहायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, पण मदत करायला येऊ नका. ज्यांना तुम्ही मदत करायला निघालात त्यांची भाषा तुम्हाला येत नाही आणि ते तुम्हाला काय म्हणतात तेही तुम्हाला समजत नाही, हा त्याचा मुद्दा. भाषणाचे नावच इतके जळजळीत आहे की ते वृत्तपत्रात छापताना विचार करावा लागेल. त्याच काळात अमेरिकी सरकारचे ‘पीस कोअर’ भारतात काम करीत होते. 1961 ते 1976 या काळात त्याचे स्वयंसेवक भारतात येत होते. त्यांच्या राजकारणाबद्दल कोणाला काय म्हणायचे ते म्हणो, पण ते येण्यापूर्वी काही महिने प्रशिक्षण घेत, भाषा शिकत आणि दोन वर्षे राहत. आज दोन वर्षांचे दोन आठवडे झाले आणि भाषेचे प्रशिक्षण म्हणजे ‘नमस्ते’.

अर्थात परदेशातून आलेला प्रत्येक तरुण फोटो काढूनच गेला, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. आपल्या चळवळीवर तर अशा काही माणसांचे ऋण आहे. एलिनॉर झेलियट यांनी पेनसिल्व्हानिया विद्यापीठाला 1969 साली डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ या विषयावर प्रबंध सादर केला, तेव्हा आपल्याकडच्या किती विद्यापीठांना हा विषय प्रबंधाच्या लायकीचा वाटत होता? पुढे त्या अमेरिकेतील कार्लटन कॉलेजात शिकवत राहिल्या. पुण्याला अभ्यासासाठी येणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमाशीही त्यांचा संबंध होता. तिथे मुले मराठी शिकत आणि मराठी घरांत राहत. त्याच कार्लटन कॉलेजात शिकलेल्या गेल ऑम्वेट 1960 च्या दशकात विद्यार्थिदशेत प्रथम भारतात आल्या, ब्राह्मणेतर चळवळीवर बर्कले येथे 1973 साली डॉक्टरेट मिळवली, सांगली जिल्ह्यातील कासेगावात घर केले, 1983 साली भारताचे नागरिकत्व घेतले आणि 25 ऑगस्ट 2021 रोजी तिथेच अखेरचा श्वास घेतला. नागपूरकरांना तर लांब जायला नको. जपानहून आलेले भदंत सुरई ससाई 1960 च्या दशकात इंदोऱ्यात येऊन राहिले आणि इथल्या माणसांसारखे बोलायला शिकले. इंग्लंडचे लोकमित्र 1977 साली योगायोगाने ऐन धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास नागपुरात उतरले, ती गर्दी पाहून थक्क झाले आणि पुढे भारतातच राहिले. कामठी रोडवरील नागलोक हे त्याच प्रवासाचे एक फळ.

या चौघांत समान काय, असे विचारले तर मी उत्तर देईन की त्यांच्यापैकी कोणीही परतीचे तिकीट दाखवून आले नव्हते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते विद्यार्थी म्हणून आले आणि विद्यार्थी म्हणूनच राहिले. एक गोष्ट मात्र इथे नोंदवली पाहिजे. परदेशी विद्यार्थी ज्या घरी उतरतो त्या घराचा भारत तो सोबत घेऊन जातो. घर जर सवर्णांचे असेल, आणि बहुधा ते असतेच, तर त्याला भारतीय संस्कृती म्हणून सत्यनारायण, मोदक आणि कथ्थक दिसते. जात असते असे तो ऐकतो, पण ती पूर्वी होती असेही त्याच घरात त्याला सांगितले जाते. धम्मचक्राच्या गर्दीत जे लोकमित्रांना दिसले, ते त्याला दाखवायला आपण आपल्या घराची दारे उघडली आहेत काय?

पाहुण्याला विद्यार्थी कसे करावे याचा एक चांगला नमुना महाराष्ट्रातच आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. 1979 साली त्या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी गावोगावच्या बायका, त्यांत अक्षरओळख नसलेल्या आणि दलित समाजातील बायकाही, आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केल्या. जगभरातून वैद्यकीय आणि सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी तिथे शिकायला येत गेले. तिथे शिकवायला कोण? तर याच बायका. बाळंतपण कसे सांभाळायचे, गावातील पाटलाच्या सुनेला दलित बाईच्या हातचे पाणी कसे पाजायचे, हे त्या सांगतात आणि मोठ्या विद्यापीठातून आलेला तरुण वहीत लिहून घेतो. माझ्या मते सेवा-सहल म्हणून जे काही चालते त्यात एवढाच एक प्रकार खरा. बाकीचे पर्यटन आहे. पर्यटन करावे, त्याला सेवा म्हणू नये.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू, कारण माझा खरा विषय तो आहे. बाहेरची मुले आपल्याकडे येतात. आपली मुले बाहेर का जाऊ नयेत?

बाबासाहेब 1913 च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. सयाजीराव गायकवाड महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती आणि जूनमध्ये बडोदा संस्थानाशी करार झाला होता. करारात अट होती की शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करायची. वकील म्हणून मला त्या करारातील ‘सेवा’ या शब्दाचे नेहमी कौतुक वाटते. त्या सेवेचे पुढे काय झाले हे सर्वांना माहीत आहे. कोलंबिया विद्यापीठात ते आधी हार्टले हॉलमध्ये राहिले. तिथले जेवण मानवेना म्हणून कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, नंतर लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी तरुणासोबत राहिले आणि ती मैत्री आयुष्यभर टिकली. संस्कृतीचा अनुभव, संस्कृतीचा अनुभव म्हणतात तो हाच असतो. अन्न मानवत नाही, खोली बदलावी लागते आणि त्यातून एक मित्र मिळतो. 9 मे 1916 रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. पंचवीस वर्षांचा एक तरुण अमेरिकेतील विद्वानांना भारत समजावून सांगत होता, आणि तो सांगताना त्याने पाहुण्याची नजर वापरली नाही, घरातल्या माणसाची वापरली.

1917 साली तेच बाबासाहेब करार पाळायला बडोद्याला गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या पारशांनी बाहेर काढले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात त्यांनी हा प्रसंग लिहिला आहे, आणि आज कोलंबिया विद्यापीठात ते पाठ्यपुस्तक म्हणून वापरले जाते. त्यात त्यांनी एक गोष्ट कबूल केली आहे जी माझ्या मनात घर करून बसली आहे. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती, आणि बडोद्याच्या स्टेशनवर उतरल्यावर ती परत आली. परदेशप्रवासाने आपल्या मुलांना काय मिळते, याचे उत्तर मला या कबुलीत मिळते. पदवी नंतरची गोष्ट. आधी मिळतो तो जात नसलेल्या हवेत घेतलेला एक श्वास. ज्याने तो एकदा घेतला त्याला पुन्हा गुदमरल्यावर कळते की आपण गुदमरतो आहोत.

तिकडे जात नाहीच, अशा भ्रमातही राहू नये. आपल्या लोकांनी ती सामानात बांधून नेली आहे. म्हणून तर ब्रँडाइस विद्यापीठाने 2019 साली आणि कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने जानेवारी 2022 मध्ये भेदभावाच्या नियमांत जातीचा उल्लेख केला, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये सिएटल शहराने तसा कायदाच केला. पण तिथे त्याविरुद्ध नियम करता येतो, हे पाहणेही शिक्षणच आहे.

आपल्या मुलांकडे सेवेचा अनुभव नाही म्हणून ती मागे पडतात, असे एका समुपदेशकाने मला ऐकवले होते. मी चकितच झालो. राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी सुरू झाली. तिच्यात दोन वर्षांत 240 तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर करावे लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कॉलेजांत शिकणारी आपली किती तरी मुले हे करतात. नाल्या साफ करतात, शोषखड्डे खणतात. ते सोडा. दरवर्षी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात. रस्त्यावर झोपतात, पहाटे उठतात, पुस्तके विकत घेतात. त्यांना पाणी कोण देते? हरवलेली म्हातारी कोण शोधून देते? जेवणाच्या रांगा कोण लावते? इंदोरा, पाचपावली, रामबाग, बाळाभाऊ पेठ इथली पोरे. समता सैनिक दलाचा गणवेश घालून किंवा न घालता. अशा सेवेचे प्रमाणपत्र कोणी देत नाही आणि कोणी मागतही नाही. बालीत दहा दिवस भिंत रंगवणारा मुलगा अर्जात जे लिहितो, त्याहून शंभरपट खरे लिहायला आपल्या मुलाकडे आहे. पण ते लिहायचे असते हेच त्याला कोणी सांगितलेले नाही. ज्या विहारात हा लेख वाचला जाईल तिथल्या कार्यकर्त्यांनी आपल्या लेटरहेडवर, काम किती दिवस आणि काय केले ते नेमके लिहून, अशा मुलांना पत्रे द्यायला सुरुवात करावी. खोटे एक अक्षर लिहू नये. खरेच पुरेसे आहे.

आता जायचे कुठे? मला कोणी विचारले तर मी लंडन-न्यूयॉर्कच्या आधी हंगेरी सांगेन. ऐकणारा हसेल. पण ईशान्य हंगेरीत सायोकाझा नावाचे एक गाव आहे. जुना कोळसा खाणींचा भाग. तिथे रोमा लोकांची वस्ती आहे. रोमा म्हणजे ज्यांना युरोपात हिणवून ‘जिप्सी’ म्हणतात ते. या गावात 2007 साली रोमा मुलांसाठी एक शाळा सुरू झाली आणि तिला नाव दिले गेले डॉ. आंबेडकर यांचे. यानोश ओर्शोश हे रोमा समाजातील शिक्षक आणि तिबोर देर्दाक हे समाजशास्त्रज्ञ, या दोघांनी हे काम उभे केले. बाबासाहेबांविषयी त्यांच्या वाचनात आले आणि आपल्या लोकांचे दुखणे या माणसाने ओळखले आहे असे त्यांना वाटले. ते महाराष्ट्रात येऊन गेले, इथल्या वस्त्या, विहारे, वसतिगृहे पाहून गेले आणि परत जाऊन त्यांनी ‘जय भीम’ नावाची संघटना नोंदवली. 2016 साली त्या शाळेत बाबासाहेबांचा अर्धपुतळा बसला, तोही भारतातून गेलेला. ते इथे सेवा करायला आले नव्हते. एका दलित समाजाने दुसऱ्याला कसे उभे केले ते शिकायला आले होते. पाहुणा असा असावा.

रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून बाहेर पडले, असे भाषेच्या अभ्यासावरून मानले जाते. त्यांच्या मूळ भाषेत पाण्याला ‘पानी’ म्हणतात, माणसाला ‘मनुश’, नाकाला ‘नाख’, काळ्याला ‘कालो’. दोनाला ‘दुय’, पाचाला ‘पांज’, दहाला ‘देश’. हंगेरीतील बहुतेक रोमांची ही भाषा सुटली, ते हंगेरियनच बोलतात. पण भाषा सुटली तरी वस्ती गावाबाहेरच राहिली.

आणि शाळा? इथे माझ्यातल्या वकिलाला राहवत नाही. चेक प्रजासत्ताकातील ऑस्ट्रावा शहरात रोमा मुलांना मतिमंद मुलांच्या शाळेत टाकण्याची पद्धत होती. तिथल्या रोमा मुलाला अशा शाळेत टाकले जाण्याची शक्यता इतर मुलांच्या 27 पट होती. 18 मुलांनी स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. 2006 साली ती हरली. मोठ्या पीठाकडे गेली आणि 13 नोव्हेंबर 2007 रोजी जिंकली. भेदभाव करण्याचा हेतू सिद्ध झाला नाही तरी परिणाम भेदभावाचा असेल तर तो भेदभावच, आणि तो दाखवायला आकडेवारी पुरावा म्हणून चालेल, हे त्या निकालाचे मर्म. 29 जानेवारी 2013 रोजी हंगेरीतील दोन रोमा तरुणांच्या प्रकरणातही त्याच न्यायालयाने असाच निकाल दिला. 2020 साली तर हंगेरीच्या सर्वोच्च न्यायालयाने ज्योंज्योशपाता गावातील, वेगळ्या वर्गात बसवल्या गेलेल्या रोमा मुलांना पैशात भरपाई देण्याचा आदेश कायम ठेवला. तेथील पंतप्रधानांना ते आवडले नाही आणि त्यांनी ते जाहीरपणे बोलून दाखवले.

आपल्या कायद्याच्या विद्यार्थ्याने सहा आठवडे अशा ठिकाणी राहून या मुलांची इंग्रजी घ्यावी, बदल्यात त्यांच्या वकिलांनी शाळांचे आकडे कसे गोळा केले ते शिकून यावे. परत येऊन त्याने आपल्या वसतिगृहांतील, आश्रमशाळांतील, उच्च शिक्षणसंस्थांतील गळतीचे आकडे त्याच रीतीने मांडावेत. यात कोणी कोणावर उपकार करत नाही.

पैशाचे काय, हा प्रश्न येणारच. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती 1954-55 पासून आहे. सध्या तिच्यात 125 जागा आहेत, त्यांतील 115 अनुसूचित जातींसाठी, 6 विमुक्त-भटक्यांसाठी आणि 4 भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांसाठी. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत, वय 35 च्या आत आणि विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या 500 मध्ये असावे लागते. पदव्युत्तर पदवी किंवा डॉक्टरेटसाठीच ती मिळते. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती 2003 पासूनची, तीही पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि संशोधनासाठीच. दोन्ही मोलाच्या आहेत, त्या वाढल्याच पाहिजेत. केंद्राने 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषयच परदेशातील शिक्षणासाठी वगळले, यावर तेव्हा आपल्या संघटनांनी आवाज उठवला तो योग्यच होता. ज्या माणसाने 1916 साली न्यूयॉर्कमध्ये भारतातील जातींवर निबंध वाचला, त्याला या सूचनांखाली शिष्यवृत्ती मिळाली असती काय, याचा विचार वाचकांनीच करावा.

पण बारावीनंतरच्या किंवा पदवीच्या दुसऱ्या वर्षातील मुलामुलीला सहा-आठ आठवडे बाहेर पाठवायला या योजनांत जागा नाही. युरोपात आहे. युरोपीय संघ ‘युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर’ नावाची योजना चालवतो. 18 ते 30 वयाच्या तरुणांना दुसऱ्या देशात सेवेसाठी पाठवायचे, प्रवास, निवास, जेवण आणि वरखर्च सरकारने द्यायचा. म्हणजे मजुराचे पोरही जाऊ शकते. आपल्याकडे मात्र सेवा करायलाही बाप पैसेवाला लागतो! सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहांत राहणाऱ्या, राष्ट्रीय सेवा योजनेचे 240 तास पूर्ण केलेल्या मुलामुलींतून दरवर्षी काही जणांना निवडून पाठवायला राज्याच्या तिजोरीला किती झळ बसेल? बार्टीसारखी संस्था हे सहज करू शकते. पुढील अधिवेशनापूर्वी आपल्या आमदारांना हे निवेदन गेले पाहिजे. त्याचा मसुदा मी करून देईन.

तोवर घरचे काम घरी करता येते. पहिले काम पासपोर्ट. नागपुरात प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय आहे, सज्ञान अर्जदाराला 36 पानी पासपोर्टचे शुल्क 1500 रुपये आहे. अडचण शुल्काची नसते, नावाची असते. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे. मुलीच्या दाखल्यात वडिलांचे नाव ‘भीमराव’, मतदार यादीत ‘भिमा’. किरकोळ फरक प्रतिज्ञापत्राने निभावतो, नाव किंवा आडनाव पूर्ण बदलले असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करावे लागते. दुसरे काम जातीच्या दाखल्याचे. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही मिळाल्या, तरी नुसते ‘बौद्ध’ लिहिलेला दाखला केंद्राच्या योजनेत अडतो. केंद्राच्या नमुन्यातील दाखला वेगळा काढून घ्यावा. त्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकाची नक्कल. हे कागद निवडीचे पत्र आल्यावर धुंडाळायला निघालात तर मुदत निघून जाते. पावसाळ्याआधी आपापल्या विहारात एक रविवार यासाठी ठेवा. मुलांनी जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि आजोबांचे जे काही जुने कागद पेटीत असतील ते सर्व घेऊन यावे. फाटलेले असले तरी आणावेत.